नर्सेससाठी ऑनलाइन ताण-आधार : पाळ्या सांभाळून, खरोखर उपयोगी पडेल असा कसा उभा करावा?

निशिगंधा

नमस्कार मंडळी.

मी नर्सिंगमध्ये आहे. आधी वॉर्ड, मग आयसीयू, आता शिकवते. पुण्यातल्या वेगवेगळ्या हॉस्पिटलांतल्या आम्ही काही जणी मिळून नर्सेससाठी एक ऑनलाइन गट सुरू करतोय. बोलायला जागा, ताण हाताळायच्या चार उपयोगी गोष्टी, आणि गरज असेल तिला योग्य माणसापर्यंत पोहोचवणं, एवढंच त्याचं काम. सुरू करण्याआधी इथल्या सिस्टर, ब्रदर (म्हणजे पुरुष नर्स), त्यांच्या घरची माणसं आणि समुपदेशक यांचं म्हणणं ऐकायचंय.

माझं मत आधीच सांगते. नर्सला ऑनलाइन मदत चालते, किंबहुना बऱ्याच जणींना तेवढीच शक्य असते. नाईट करून आल्यावर कात्रजहून डेक्कनला समुपदेशकाकडे कोण जाणार? पण आजवर जे उपक्रम पाहिले ते बहुतेक ऑफिसात बसणाऱ्यांना समोर ठेवून केलेले होते. सकाळी अकराचं वेबिनार! त्या वेळी मॉर्निंगवाली राऊंडनंतरच्या ऑर्डर्स पुऱ्या करत असते, नाईटवाली झोपलेली असते आणि ईव्हनिंगवाली स्वयंपाक उरकून निघायच्या घाईत असते. मग ऐकणार कोण? एका ठिकाणी हजेरी एचआरकडे जात होती आणि कॅमेरा चालू ठेवायची सक्ती होती. इन्चार्ज त्याच कॉलवर बसलेली असताना कुठली मुलगी सांगेल की ड्युटीला निघताना मला मळमळतं, जिन्यात रडू येतं?

आणखी एक. क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१मध्ये बर्नआउट मोजायला २२ प्रश्नांची एक प्रश्नावली केली. ती तीन बाजूंनी बघते: मन रिकामं होईपर्यंत आलेला थकवा, समोरच्या माणसाबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही चांगलं घडतंय ही भावना ओसरणं. माझ्या विद्यार्थिनी पहिल्या बाजूबद्दल मोकळेपणाने बोलतात. दुसऱ्या बाजूबद्दल मात्र कुणी बोलत नाही. पेशंटचं नाव जाऊन ‘बेड सात’ उरतो, नातेवाईक चौथ्यांदा विचारायला आले की अंगावर काटा येतो, आणि या सगळ्याची आतून लाज वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउट आजार म्हणून धरलेलं नाही. दीर्घकाळ नीट न हाताळलेल्या, कामाच्या ठिकाणच्या ताणातून येणारी स्थिती, अशी त्याची नोंद आहे. त्यामुळे ‘तू फार मनाला लावून घेतेस’ हे उत्तर मला मान्य नाही. मुळात तो कोरडेपणा येतो तोच आधी फार मनाला लावून घेतलेल्या मुलींना.

तर तुम्हाला काय हवंय ते सांगा. वेळ, भाषा, नाव लपवायचं की नाही, सगळं.

आयसीयू_नाईट

आज ऑफ आहे म्हणून सविस्तर लिहिते.

जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली, तेव्हा मी व्हेंटिलेटरवरच्या पेशंटकडे होते. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: व्हेंटिलेटरवरचा जीबीएसचा पेशंट बेशुद्ध नसतो. हातपाय हलत नाहीत, श्वासनलिकेत नळी असल्यामुळे बोलता येत नाही, पण ऐकू येतं, दुखतं, सगळं कळतं. पापण्या मिटून हो-नाही सांगतो. आठवडेच्या आठवडे तोच माणूस आणि तेच डोळे. सक्शन करताना, म्हणजे नळीतून कफ ओढून काढताना, त्याला किती त्रास होतोय ते समोर दिसत असतं आणि तरी करावंच लागतं, कारण नाही केलं तर छाती भरेल. बाहेर शहरभर साथीमागच्या दूषित पाण्याची चर्चा चालू होती, ती व्हायलाच हवी होती. आम्हाला मात्र कुणी विचारलं नाही की तुम्ही घरी जाऊन झोपता कशा.

हॉस्पिटलने एक ॲप दिलं होतं. त्यात पावसाचे आणि समुद्राचे आवाज होते. मी दोनदा उघडलं आणि काढून टाकलं. उपयोगी पडली ती दुसऱ्या हॉस्पिटलच्या आयसीयूतली एक ताई. आम्ही एकमेकींना व्हॉइस मेसेज टाकायचो. मी पहाटे घरी आल्यावर बोलून ठेवायचे, ती दुपारी उठल्यावर ऐकून उत्तर द्यायची. तीही तेच करत होती, त्यामुळे सक्शन म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागत नव्हतं.

म्हणून माझी मागणी एवढीच की सगळं काही ठरलेल्या वेळेच्या कॉलवर ठेवू नका. बोलून ठेवता येईल आणि कुणीतरी नक्की ऐकेल अशी सोय करा.

मुळाकाठ

वाचतेय. बहीण स्टाफ नर्स आहे, तिला धागा पाठवला. माझ्या आवडत्या धाग्यांतही ठेवला.

मंगळवारपेठकर

मी ब्रदर, कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) असतो. उपक्रमाला विरोध नाही, पण कडवट वाटलं तरी बोलतो.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक, आयसीयूत एकास एक, आणि वर रजेसाठी ३० टक्के राखीव माणसं हवीत. आता आपापल्या वॉर्डात मोजून बघा. मी पाहिलेल्या जनरल वॉर्डांत रात्री एक सिस्टर आणि एक मावशी, एवढ्यावर सगळा मजला चालतो. अशा सिस्टरला ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणून सांगितलं तर तिला राग येणारच, आणि तो रास्त आहे. माणसं कमी आहेत म्हणून ताण आहे. श्वास चुकतोय म्हणून नाही.

दुसरा मुद्दा मारहाणीचा. पेशंट दगावला की पहिला हात आमच्यावर पडतो, कारण डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये असतात आणि आम्ही समोर असतो. महाराष्ट्रात यासाठी २०१०चा कायदा आहे, तो फक्त डॉक्टरांपुरता नाही. नर्सेस, विद्यार्थी, निमवैद्यकीय कर्मचारी सगळे त्यात येतात. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण प्रत्यक्षात ‘जाऊ दे, मिटवून टाका’ असंच सांगितलं जातं. तक्रार दाबलेली माणसं तुमच्या गटात येतील आणि त्यांना आधी एफआयआर कसा करायचा ते सांगावं लागेल. त्याची तयारी ठेवा.

निशिगंधा

दादा, कडवट काही नाही, हे पहिल्याच दिवशी बोलायला हवं. आमच्या गटात हा निकष सगळ्यांना माहीत असेल आणि ‘ताण तुमच्या डोक्यात आहे’ असं कुणी म्हणणार नाही. पण माणसं वाढेपर्यंत आज रात्रीच्या ड्युटीवर जी मुलगी आहे तिचं काय? मला दोन्ही हवंय. बोलणाऱ्या नर्सेस एकत्र आल्या तर संख्येचा प्रश्नही एकीच्या तोंडचं गाऱ्हाणं म्हणून राहणार नाही.

कायद्याची माहिती आम्ही ठेवू. तुम्ही त्या सत्राला याल का?

मंगळवारपेठकर

येईन. माझी पाळी बदलून घेईन.

अवलोकिता

मी समुपदेशक आहे, औंधला काम करते. आरोग्य कर्मचारी माझ्याकडे बरेच येतात, म्हणून जरा मोठं लिहिते.

आधी पुराव्याचं. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या ताणावर वैयक्तिक पातळीवरच्या उपायांचा एक मोठा कॉक्रेन आढावा (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) २०२३मध्ये आला, त्यात ११७ अभ्यास होते. विचारांवर काम करणं, शरीर शिथिल करणं, सजगता (माइंडफुलनेस), या सगळ्यांनी ताण काही प्रमाणात कमी होत असावा आणि तो परिणाम वर्षभरापर्यंत टिकू शकतो, असा निष्कर्ष आहे. पुराव्याची खात्री फार मोठी नाही, तेव्हा चमत्काराची भाषा नको. पण ‘काही उपयोग नाही’ हेही खरं नाही. ऑनलाइन उपक्रमांत वारंवार दिसणारी गोष्ट अशी की नुसतं ॲप दिलं तर बहुतेक लोक अर्ध्यात सोडतात. मधूनमधून विचारपूस करणारं माणूस असेल तर टिकतात. आयसीयू_नाईट यांनी त्यांच्या ताईबद्दल लिहिलंय ते याच्याशी तंतोतंत जुळतं.

आता एक धोक्याची सूचना. वॉर्डात काही भयंकर घडलं, लहान मूल गेलं, कोड ब्लू (हृदय बंद पडलेल्या रुग्णाला वाचवायची धडपड) अपयशी ठरला, की लगेच सगळ्यांना एकत्र बसवून ‘काय वाटलं ते सांगा’ असं करायची पद्धत काही ठिकाणी आहे. धक्क्यानंतर लगेच एकदाच घेतलेल्या अशा सत्राने पुढचा त्रास टळत नाही, काहींना उलट जास्त त्रास होतो, असं संशोधनात दिसलंय. म्हणून तुमच्या गटात कुणालाही बोलायची सक्ती नको. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची पद्धत साधी आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. ती सुरक्षित आहे का, जेवली का, घरी कशी जाणार, हे पाहा. बोलली तर ऐका. आणि पुढची मदत कुठे मिळेल तिथे जोडून द्या. घटनेचा तपशील उकरून काढू नका.

तिसरं, कुणाला थकवा आहे आणि कुणाला नैराश्य, हे गटाने ठरवू नये. पण चाळणी म्हणून पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली वापरता येईल. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, गुण ० ते २७, मराठीतही उपलब्ध आहे. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटायला सांगा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर असेल तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी त्या व्यक्तीशी कुणीतरी थेट बोललंच पाहिजे. गटाच्या पुढच्या बैठकीची वाट बघायची नाही. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली ही केंद्र सरकारची सेवा आहे. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज लागली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर फोनवरही थांबू नका. जवळच्या माणसाला सोबत घेऊन सरळ कॅज्युअल्टी गाठा. नर्सेसना हे सांगताना एक अडचण येते. त्यांना आपल्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं नसतं. मग दुसऱ्या हॉस्पिटलात जा, पण जा.

कोट्टयमची_पुणेकर

माझं मराठी सांभाळून घ्या. मी केरळची, पुण्यात लग्न करून राहिले, पण सुरुवातीची वर्षं हॉस्टेलमध्ये काढली. आमच्यासारख्या खूप जणी आहेत इथे. एका खोलीत चौघी, चौघींच्या पाळ्या वेगळ्या. एक झोपलेली, एक प्रार्थना करतेय, एक घरी व्हिडिओ कॉलवर. अशा खोलीत मी कॉलवर काय बोलणार? गच्चीवर गेलं तर तिथेही कुणीतरी कपडे वाळत घालत असतं. म्हणून टाइप करून बोलता आलं पाहिजे. टिसची (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आयकॉल ही समुपदेशन सेवा ईमेल आणि चॅटवरही आहे, त्याचा माझ्या एका मैत्रिणीला चांगला उपयोग झाला होता.

आणि भाषा. पेशंटशी मी मराठी बोलते, डॉक्टरांशी इंग्लिश, मावशींशी हिंदी. पण रडायला आलं की मल्याळमच येतं. १४४१६वर मल्याळममध्येही बोलता येतं, हे हॉस्टेलवर कुणाला माहीत नसतं. तुमच्या गटात एखादी मल्याळी ताई असेल तर मुली नक्की येतील. आणि घरी कर्जाचा हप्ता पाठवायचा असतो, त्यामुळे नोकरी सोडायचा सल्ला कुणी पटकन देऊ नका.

निशिगंधा

हप्त्याची बाब मी लिहून घेतली. मल्याळम बोलणारी सहकारी शोधतो आहोत, तुम्हीच तयार असाल तर फार बरं होईल.

नवी_स्टाफ

मी पहिल्यांदाच लिहितेय इथे. आमच्या युनिटला एका मुलीकडून औषधाच्या डोसात चूक झाली. पेशंटला काही झालं नाही, वेळेत लक्षात आलं. पण इन्सिडेंट रिपोर्टनंतर ती पूर्ण बदलली. इंजेक्शनच्या प्रत्येक ॲम्प्यूलवरचं नाव चारचारदा वाचते, हात थरथरतात, आता इतर कामं मागे पडतात म्हणून बोलणी खाते. कुणी तिच्याशी त्या विषयावर बोलत नाही. तिला गटात आणलं तर चालेल का? की कायदेशीर भानगड होईल?

अवलोकिता

जरूर आणा. अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २०००मध्ये अशा कर्मचाऱ्यांना ‘दुसरा बळी’ म्हटलं होतं. चुकीचा पहिला फटका रुग्णाला, आणि दुसरा ती हातून घडली त्याला. तुम्ही सांगताय ती पुन्हापुन्हा तपासण्याची सवय, थरथर, एकटं पडणं, हे सगळं त्यात ओळखीचं आहे. तिला सगळ्यात आधी हवंय ते अनुभवी सिस्टरने जवळ बसून म्हणणं की हे माझ्याही डोळ्यांसमोर घडलंय आणि त्या मुली पुढे उत्तम नर्स झाल्या. ते समुपदेशकाच्या तोंडून तितकं पोहोचत नाही.

कायद्याचं म्हणाल तर गटात पेशंटचं नाव, बेड, तारीख, हॉस्पिटल काहीच सांगायचं नाही, हा नियम कडक ठेवा. घडलं काय यापेक्षा आपल्याला काय होतंय एवढंच बोलायचं. एखाद्या घटनेची चौकशी चालू असेल तर तिचा तपशील गटात अजिबात नको. तो व्यावसायिक समुपदेशकाशी एकट्याने बोलावा. तिथे मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७च्या कलम २३ प्रमाणे गोपनीयतेचा हक्क आहे.

आयसीयू_नाईट

गोपनीयतेवरून आठवलं. व्हॉट्सॲप ग्रुप करू नका. नंबर सगळ्यांना दिसतो आणि स्क्रीनशॉट इन्चार्जपर्यंत जायला पाच मिनिटं लागतात. टोपणनावाने येता येईल असा कॉल ठेवा, रेकॉर्डिंग नको. हॉस्पिटलचा ईमेल आयडी आणि हॉस्पिटलचं वायफाय दोन्ही टाळा.

सुहृद_धायरी

बायको स्टाफ नर्स आहे. आम्ही घरच्यांनी काय करावं हे कुणी सांगेल का? ती नाईटवरून आली की काही विचारलं तर चिडते, नाही विचारलं तर म्हणते तुम्हाला काही पडलेलं नाही. आई म्हणते दिवसा किती झोपायचं. मला मनापासून मदत करायचीय.

जुनी_परिसेविका

सुहृद, बाळा, तू विचारलंस यातच निम्मं आलं. मी सरकारी रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले, त्या अनुभवावरून सांगते.

आल्याआल्या काही विचारू नकोस. चहा नको, चहाने झोप उडते. गरम पोळी-भाजी किंवा मऊ भात दे आणि झोपू दे. खोलीला जाड, गडद पडदे लाव. दाराच्या बेलचा आवाज बंद, कुरिअरवाल्याला तुझा नंबर. कुकर तिच्या उठण्याच्या वेळेला लावायचा. आईंना हे सांगायचं काम तुझं आहे, तिचं नाही. सलग सतरा तास जागं राहिलं तर मेंदूची अवस्था रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी होते असं प्रयोगांत दिसलंय, आणि नाईटवाली त्या अवस्थेत सकाळी सिंहगड रोडच्या गर्दीतून दुचाकीने घरी येते. जमेल त्या दिवशी तू आणायला जा. नाहीतर बसने येऊ दे. झोपेचं हे गणित आईंना याच शब्दांत सांग, त्या समजून घेतील.

आणि बोलायचं दुपारी, ती जेवल्यावर. उपाय सुचवू नकोस. ‘आज कोण होतं वॉर्डात?’ एवढंच विचार आणि ऐक.

निशिगंधा, तुझ्या मुलींसाठीही एक. आम्हाला कुणी ताण हाताळायला शिकवलं नाही, जे हाताला लागलं ते केलं. त्यातलं एक चांगलं होतं. हँड रब, म्हणजे हाताला जंतुनाशक चोळणं, नीट करायला वीस ते तीस सेकंद लागतात. तेवढा वेळ आपल्याला दर पेशंटमागे मिळतोच आणि त्यात कुणी हटकत नाही. त्या वेळात खांदे खाली सोडायचे आणि श्वास आत घ्यायच्या दुप्पट वेळ बाहेर सोडायचा. वेगळा वेळ काढावा लागत नाही, पाळीभरात कितीतरी वेळा होतं. घरी आल्यावर भिंतीला पाय लावून दहा मिनिटं विपरीत करणी. पाय सुजणाऱ्यांना त्याने फार बरं वाटतं. पण मंगळवारपेठकर म्हणतात तेही खरंच. मी वॉर्ड सांभाळत होते तेव्हा माणसं मागण्याचं पत्र दर वेळी लेखी दिलं, तोंडी कधी नाही. तुम्हीही लेखी द्या, पोच घ्या.

सुहृद_धायरी

आभारी आहे, काकू. बेल आजच बंद करतो. आईशीही बोलतो.

नवी_स्टाफ

तिच्याशी बोलले. टोपणनाव चालत असेल तर येते म्हणाली.

निशिगंधा

सगळ्यांच्या बोलण्यावरून आम्ही आराखडा बदलला.

मंगळवारी दुपारी साडेतीनला एक बैठक: मॉर्निंगवाल्या घरी पोचलेल्या असतात, नाईटवाल्या उठलेल्या. शुक्रवारी रात्री पावणेदहाला दुसरी, ईव्हनिंग सुटलेल्यांसाठी. चाळीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. टोपणनाव, कॅमेरा बंद, रेकॉर्डिंग नाही, हजेरी नाही. कुठल्याही हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाला यादी दिली जाणार नाही, मागितली तरी. मेट्रोत किंवा बसमध्ये बसून नुसतं ऐकलं तरी चालेल. दुचाकी चालवताना इअरफोन लावून मात्र कुणी जोडू नका.

ज्यांना वेळ जमत नाही त्यांच्यासाठी व्हॉइस मेसेज आणि लिखित निरोपाची पेटी. एका दिवसाच्या आत अनुभवी नर्स उत्तर देईल. त्यासाठी आमच्यात पाळ्या लावल्या आहेत, जुनी_परिसेविका मॅडम पहिल्या आठवड्याला. अवलोकिताताई दर पंधरवड्याला एका बैठकीत असतील आणि उत्तर देणाऱ्यांनाही वेगळ्या भेटतील, कारण इतरांचं ऐकणाऱ्याही थकतात. मंगळवारपेठकर दादांचं कायद्याचं सत्र पहिल्याच महिन्यात.

चेंजिंग रूममध्ये लावायला एक पानाची सूचना तयार करतेय. वरच्या ओळीत १४४१६, खाली बैठकीच्या वेळा. मराठी आणि हिंदी मजकूर झाला आहे. मल्याळम उद्यापर्यंत मिळेल का?

कोट्टयमची_पुणेकर

आज रात्रीच पाठवते. हॉस्टेलच्या मेसमध्येही लावायला सांगते, चेंजिंग रूमपेक्षा तिथे जास्त वाचतात.